ओस मैदानाचे चार उन्हाळे

युरोपातील फुटबॉलचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीस संपतो आणि ऑगस्टपर्यंत मैदाने ओस पडतात. अजिंक्यपद मिळविलेल्या संघाच्या पाठीराख्यांना हे महिने विश्रांतीचे वाटतात. वर्षभर हरलेल्या संघाच्या पाठीराख्यांची गोष्ट वेगळी असते. आपल्या धर्मग्रामांतील तरुण आता दूरचित्रवाणीवर परदेशी सामने पाहतात, त्या संघांचे सदरे अंगात घालतात आणि त्यांच्या पराभवाने खरोखरच व्यथित होतात. असाच एक तरुण मे महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर मला म्हणाला, "फादर, हरत होतो तेव्हा निदान पुढचा शनिवार तरी होता. आता तोही नाही."

मी हसून त्याच्या पाठीवर हात ठेवला. परंतु त्याचे वाक्य मनात राहिले. पराभव सोसण्यासाठी देखील काहीतरी घडत असावे लागते. काहीच घडत नसेल त्या काळात माणसाने आपली निष्ठा कोठे ठेवावी? हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. म्हणून त्याचे उत्तर शोधताना मला एका धर्मगुरूने स्थापन केलेल्या फुटबॉल संघाचा इतिहास आठवला. स्कॉटलंडमधील एडिनबर्ग शहराच्या या संघाचे नाव हायबर्नियन. लोक प्रेमाने त्याला 'हिब्ज' म्हणतात. या संघाच्या भाग्याचे महत्त्वाचे फेरे बहुधा मैदान ओस असतानाच फिरले. त्यांपैकी चार उन्हाळ्यांची ही हकिकत आहे. (तेथील उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने नष्ट झाले आणि महादुष्काळ पडला. लक्षावधी लोक मेले, लक्षावधी देशोधडीला लागले. त्यांपैकी अनेक कुटुंबे एडिनबर्गच्या काउगेट या अरुंद, काळोख्या वस्तीत येऊन राहिली. ही वस्ती 'छोटे आयर्लंड' म्हणूनच ओळखली जाई. शहर प्रेस्बिटेरियन पंथाचे आणि हे लोक कॅथलिक. शहर प्रतिष्ठितांचे आणि हे मोलमजुरी करणारे. वस्तीच्या मध्यभागी संत पॅट्रिकचे मंदिर होते. लिमरिक परगण्यातून आलेले फादर एडवर्ड हॅनन १८६१ पासून एडिनबर्गमध्ये सेवा करीत होते. पुढे ते कॅनन झाले. दारू आणि बेकारी यांच्या कचाट्यातून तरुणांना सोडवावे म्हणून त्यांनी १८६५ मध्ये कॅथलिक तरुण संघाची शाखा काढली. वाचनालय, व्याख्याने, करमणूक असे तिचे कार्य होते.

या तरुणांपैकी मायकल व्हेलाहान याला फुटबॉलने वेड लावले. शहराच्या 'मेडोज' या मोकळ्या मैदानात इतर मुले खेळतात, मग आपण का नाही, असा त्याचा प्रश्न होता. कॅननसाहेबांनी तो मनावर घेतला. १८७५ मध्ये संघ स्थापन झाला. हॅनन अध्यक्ष, व्हेलाहान कर्णधार. आयर्लंडच्या 'हिबर्निया' या लॅटिन नावावरून संघाचे नाव पडले. खेळाडू तरुण संघाचा सभासद आणि धर्माचरणी कॅथलिक असला पाहिजे, असा नियम होता. खेळातून येणारा पैसा गोरगरिबांच्या मदतीसाठी जात असे. फुटबॉल संघटनेने प्रथम त्यांना दारातच अडविले. संघटना स्कॉटिश लोकांसाठी आहे, आयरिश लोकांसाठी नव्हे, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे इतर संघांतील खेळाडूंनीच त्यांची बाजू घेतल्यामुळे हा बहिष्कार उठला.

हिब्जचा पहिला सामना २५ डिसेंबर १८७५ रोजी झाला. प्रतिस्पर्धी होता त्याच शहरातील हार्ट ऑफ मिडलोथियन, म्हणजेच 'हार्ट्‌स'. त्या काळी प्रेस्बिटेरियन स्कॉटलंडमध्ये नाताळ पाळला जात नसे. आमच्या या आयरिश पोरांनी मात्र ख्रिस्तजन्माच्या दिवशी खेळाचा आरंभ केला आणि १–० असा पराभव पत्करला. पुढच्या इतिहासाची ही जणू नांदीच होती.

तरीही बारा वर्षांच्या आत या वस्तीने स्कॉटिश चषक जिंकला. फेब्रुवारी १८८७ मध्ये ग्लासगो येथे डंबार्टनचा २–१ असा पराभव झाला. देशाच्या पूर्व भागात चषक प्रथमच आला, तोही काउगेटच्या गरिबांच्या हातून! ग्लासगोतील आयरिश बांधवांनी विजयी संघाचा सत्कार केला. तेथे हिब्जच्या चिटणिसाने यजमानांना सुचविले की, तुम्हीही असा संघ का काढत नाही? सूचना मनापासूनची होती आणि ती मनापासून स्वीकारली गेली. मेरिस्ट संस्थेचे ब्रदर वॉलफ्रिड यांच्या पुढाकाराने, भुकेल्या मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करावा म्हणून, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये 'सेल्टिक' संघाची स्थापना झाली.

येथे आपला पहिला उन्हाळा येतो. तो १८८८ चा. खेळाडूंना उघडपणे वेतन देण्यास त्या वेळी स्कॉटलंडमध्ये बंदी होती. ती १८९३ मध्ये उठली. परंतु नव्या संघाच्या काही कारभाऱ्यांनी मैदान ओस असण्याच्या त्या दिवसांत हिब्जचे अनेक उत्तम खेळाडू आपल्याकडे ओढून घेतले. त्यांना पडद्याआडून लाभ दिले गेल्याचे इतिहासकार मानतात. एका धर्मबंधूच्या भुकेल्या मुलांसाठी निघालेल्या संघाने दुसऱ्या धर्मगुरूच्या गरिबांचा संघ रिकामा केला! सत्कार्याच्या पोटीही स्पर्धा शिरते आणि मग आपल्याच माणसांचा हात आपल्याच माणसांच्या ताटात जातो. आपण धर्मग्रामात काम करणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट विसरू नये.

दुसरा उन्हाळा १८९१ चा. खेळाडू गेले, पाठोपाठ पैसा आटला, मैदानाचा भाडेपट्टा संपला. त्याच वर्षी कॅनन हॅनन यांचे निधन झाले. संघाचे कामकाज थांबले. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा हिब्ज नावाचा संघ मैदानावर नव्हता. कॅननसाहेबांनी डोळे मिटले तेव्हा आपले कार्य संपत आले आहे, एवढेच त्यांना दिसत असावे.

या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते. धर्मगुरूची काही वर्षांनी बदली होते. तारुण्यात मी एका धर्मग्रामात तरुणांची एक संघटना उभी केली होती. मी तेथून निघालो आणि दोन वर्षांत ती बंद पडली. त्याची खंत मी अनेक वर्षे बाळगली. हॅनन यांची गोष्ट वाचल्यावर मला जाणवले की, पेरणाऱ्याला कापणीचा दिवस पाहायला मिळेलच, असा शब्द कोणी दिलेला नसतो.

कारण काउगेटच्या लोकांनी संघ मनातून जाऊ दिला नव्हता. १८९२ मध्ये काही जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली आणि १८९३ च्या आरंभी हिब्ज नव्या मैदानावर उतरला. मैदानाचे नाव 'ईस्टर रोड'. या नावाने धर्मगुरूला मोह पडतो; परंतु सत्य सांगितले पाहिजे. स्कॉटिश बोलीत 'ईस्टर' म्हणजे पूर्वेकडचा. पुनरुत्थानाशी त्या रस्त्याचा संबंध नाही. संबंध असलाच, तर तो त्या माणसांच्या चिकाटीने जोडलेला आहे. नव्या संघाने एक मोठा बदल केला. केवळ कॅथलिकांनीच खेळावे, हा नियम काढून टाकला आणि दार सर्वांना उघडे केले. वस्तीला बहिष्काराच्या काळात भिंतीची गरज होती. पुढे त्याच भिंतीने श्वास कोंडला असता. कॅननसाहेबांना हा बदल रुचला असता की नाही, कोण जाणे! त्यांचा संघ मात्र त्यामुळेच जगला.

हा नवा संघ १९०२ मध्ये स्कॉटिश चषक जिंकला. अंतिम सामन्यात, सेल्टिकच्याच मैदानावर, त्याने सेल्टिकला १–० असे हरविले. पुढच्या वर्षी साखळी स्पर्धेचे अजिंक्यपदही मिळाले. १८८८ चा हिशेब चुकता झाला, असे लोकांना वाटले असेल तर नवल नाही. त्या दिवशी टाळ्या वाजविणाऱ्यांना कोणी सांगितले असते की, हा चषक पुन्हा हाती येण्यास ११४ वर्षे लागतील, तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

या ११४ वर्षांत हिब्ज अंतिम सामन्यात दहा वेळा हरला. १९१४, १९२३, १९२४, १९४७, १९५८, १९७२, १९७९, २००१, २०१२ आणि २०१३ ही ती वर्षे. ही यादी हिब्जच्या घरांत जपमाळेच्या मण्यांसारखी पाठ असे. संघ नेहमीच दुबळा होता असेही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर गॉर्डन स्मिथ, बॉबी जॉनस्टन, लॉरी रायली, एडी टर्नबुल आणि विली ऑरमंड या 'प्रख्यात पाच' आघाडीवीरांनी स्कॉटलंड गाजविले. १९४८, १९५१ आणि १९५२ मध्ये संघाने साखळीचे अजिंक्यपद मिळविले. १९५५ मध्ये युरोपियन चषक स्पर्धा प्रथमच भरली, तेव्हा तीत खेळणारा पहिला ब्रिटिश संघ हिब्ज होता आणि त्याने उपांत्य फेरी गाठली. इतके सारे होऊनही हिब्जकडून खेळताना स्कॉटिश चषक या पाच जणांच्या हाती कधी आला नाही. त्यांपैकी शेवटचे हयात असलेले रायली जुलै २०१३ मध्ये निवर्तले. आणखी तीन वर्षे ते जगते तर!

तिसरा उन्हाळा १९९० चा. आणि हा खरा कसोटीचा. हिब्जच्या तत्कालीन मालकांनी कंपनीचे समभाग बाजारात विकून इंग्लंडमध्ये मद्यगृहे विकत घेतली होती. हा व्यवहार अंगाशी आला आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. हंगाम संपला होता. स्कॉटलंडचे लक्ष इटलीतील विश्वचषकाकडे लागले होते. अशा वेळी, जूनच्या आरंभी, हार्ट्‌सचे अध्यक्ष वॉलेस मर्सर यांनी हिब्जचे समभाग विकत घेऊन एडिनबर्गचा एकच मोठा संघ करण्याचा घाट घातला. हिशेबाच्या वहीत ही योजना शहाणपणाची दिसत असेल. काउगेट आणि लीथ बंदराच्या लोकांना तिचा अर्थ एवढाच कळला की, आपला संघ पुसला जाणार.

त्या दिवसांत सामना नव्हता, गोल नव्हता, मैदानावर घोषणा देण्याची संधी नव्हती. खेळाडू सुटीवर होते. संघ उरला होता तो फक्त त्याच्या लोकांमध्ये. त्या लोकांनी 'हिब्जला हात लावू नका' असे आंदोलन उभारले. सभा झाल्या, सह्या गोळा झाल्या, लहान भागधारकांना समभाग न विकण्याची विनवणी करण्यात आली. ईस्टर रोडवर भरलेल्या सभेत जुना गोलवीर जो बेकर याने गुडघे टेकून हिरवळीचे चुंबन घेतले. पवित्र सप्ताहात क्रुसाचे चुंबन घेणाऱ्या आपल्या लोकांना त्या कृतीची भाषा समजावून सांगण्याची गरज नाही. विशेष म्हणजे हार्ट्‌सच्या काही पाठीराख्यांनीही या योजनेला विरोध केला. त्यांचा नामांकित खेळाडू जॉन रॉबर्टसन यानेही आपले मत लपविले नाही. शेजारी मेला तर आपणही अपुरे होऊ, हे त्यांना कळले होते. संपूर्ण ताबा मिळविण्यासाठी ७५ टक्के समभागांची आवश्यकता होती. मर्सर तेथवर पोहोचू शकले नाहीत आणि जुलैमध्ये त्यांनी माघार घेतली.

पुढच्या वर्षी, १९९१ मध्ये, लीथमध्ये जन्मलेले कॅथलिक उद्योजक टॉम फार्मर यांनी संघ विकत घेऊन सावरला. फार्मर २०२५ मध्ये वारले. त्यांना फुटबॉलची मुळीच ओढ नव्हती, असे ते स्वतःच सांगत. संघ म्हणजे त्या वस्तीचा ठेवा आहे, एवढेच त्यांना पुरेसे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हिब्जने डनफर्मलिनला २–० असे हरवून लीग चषक जिंकला. पंधरा महिन्यांपूर्वी ज्याचे मृत्युपत्र लिहून झाले होते, तो संघ चषक घेऊन घरी आला.

येथेच गोष्ट संपविण्याचा मोह होतो. प्रवचनात आपण बहुधा येथेच थांबतो. परंतु इतिहास प्रवचनापेक्षा कठोर असतो. मे २०१२ मध्ये चषकाच्या अंतिम सामन्यात हार्ट्‌सने हिब्जचा ५–१ असा धुव्वा उडविला. दोन वर्षांनी, २५ मे २०१४ रोजी, त्याहून वाईट घडले. वरच्या श्रेणीतील स्थान टिकविण्यासाठी हॅमिल्टनशी दोन सामने होते. पहिला हिब्जने २–० असा जिंकला. घरच्या मैदानावरील दुसऱ्या सामन्यात तो ०–२ असा मागे पडला. दुसरा गोल अगदी अखेरच्या क्षणी झाला. मग पेनल्टींवर पराभव आणि खालच्या श्रेणीत घसरण.

हा चौथा उन्हाळा. लोक मैदानाबाहेर संतापाने जमले. तो संताप अनुचित नव्हता. विलाप हीही प्रार्थनाच असते, हे स्तोत्रकर्त्याने आपल्याला शिकविले आहे. नव्या मुख्य कार्यकारी अधिकारी लीअॅन डेम्प्स्टर आल्या. प्रशिक्षक बदलले, अॅलन स्टब्ज यांची नेमणूक झाली. पुढे पाठीराख्यांना समभाग घेऊन मालकीत वाटा उचलण्याची योजनाही निघाली. आणि लोकांनी काय केले? त्यांच्यापैकी अनेकांनी नव्या हंगामाचे तिकीट काढले. या तिकिटाचा अर्थ पाहण्यासारखा आहे. एकही चेंडू मारला जाण्यापूर्वी, संघात कोण राहणार आणि कोण जाणार हे ठाऊक नसताना, माणूस कष्टाचे पैसे मोजून सांगतो की, मी तेथे असेन. 'आपण जिंकू' असे तो म्हणत नाही.

आशावाद आणि आशा यांतील अंतर याहून स्पष्ट करता येणार नाही. यंदा सर्व चांगले होईल, असा अंदाज म्हणजे आशावाद. ओस मैदानाच्या महिन्यांत त्याला भरपूर खाद्य मिळते. अमुक खेळाडू येणार, तमुक प्रशिक्षक चमत्कार करणार, असल्या बातम्यांवर तो पोसला जातो आणि सप्टेंबरपर्यंत उपाशी मरतो. ख्रिस्तसभा विश्वास आणि प्रीती यांच्या सोबत जिला बसविते ती आशा वेगळी. तिला वाईट बातमीची भीती वाटत नाही, कारण तिची मुळे बातमीत नसतात. पवित्र शनिवारी वेदी उघडी असते, मिस्सा होत नाही, पवित्र पेटी रिकामी असते. तरी भाविक मंदिरात येऊन बसतात. खेळाची तुलना तारणकार्याशी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु रिकाम्या जागेपाशी बसून राहण्याची सवय एकदा जडली की, ती माणसाला अनेक ठिकाणी उपयोगी पडते.

आता शेवट. खालच्या श्रेणीतून वर येण्याचा पहिला प्रयत्न २०१५ मध्ये फसला. १३ मे २०१६ रोजी दुसराही फसला. फॉकर्कने अंतिम मिनिटांत गोल करून हिब्जला रोखले. तिसरा उन्हाळा पुन्हा खालच्या श्रेणीत उजाडणार, हे निश्चित झाले. आठ दिवसांनी, २१ मे रोजी, हॅम्पडेन पार्कवर स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना रेंजर्सशी होता. तिसऱ्या मिनिटाला अँथनी स्टोक्सने गोल केला. मग रेंजर्सने दोन गोल करून आघाडी घेतली. हिब्जच्या लोकांना हे सारे तोंडपाठ होते. अकराव्या पराभवाची तयारी मनाने करून टाकली होती. ऐंशीव्या मिनिटाला स्टोक्सने बरोबरी साधली. आणि नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर लियम हेंडरसनने कॉर्नरवरून मारलेला चेंडू कर्णधार डेव्हिड ग्रेने डोक्याने जाळ्यात धाडला. ३–२!

त्यानंतर लोक मैदानात घुसले, काही हाणामारीही झाली. ते अशोभनीय होते आणि ते लपवू नये. थोड्या वेळाने हिरव्या बाजूच्या हजारो कंठांतून लीथचे गाणे उमटले. दुसऱ्या दिवशी एडिनबर्ग आणि लीथच्या रस्त्यांवर सुमारे दीड लाख लोक जमल्याचा अंदाज वर्तविला गेला. त्या गर्दीत किती जणांना आपले दिवंगत आजोबा, वडील आठवले असतील! त्यांनी हाताला धरून ईस्टर रोडवर नेले होते आणि जे पाहण्यासाठी नेले होते ते स्वतः कधी पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, संघ वरच्या श्रेणीतही परतला.

त्या तरुणाला मी ही हकिकत नंतर सांगितली. त्याने शांतपणे ऐकली आणि विचारले, "फादर, म्हणजे मला ११४ वर्षे थांबावे लागेल?" मी म्हणालो, "कदाचित तुला थांबावे लागेल आणि तुझ्या नातवाला मिळेल. हॅननसाहेबांना तेवढेही ठाऊक नव्हते." उत्तर त्याला आवडले नसावे. मृगाचा पाऊस सुरू झाला होता आणि घरी भाताची पेरणी खोळंबली होती, म्हणून तो घाईने निघाला. जाताना त्याच्या अंगात त्याच हरलेल्या संघाचा सदरा होता.